वाहता नळ आणि जावयाचं मत

कुठलीही गोष्ट बघायच्या आधीच ती नापास करून टाकायची, ही माझी जुनी सवय. त्यानं वेळ वाचतो. वाळूजच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे. दिवसभर माझ्यापुढं लोखंडी सुटे भाग येतात, मी ते तपासतो आणि मापात बसले नाहीत की त्यांच्यावर लाल ठिपका देतो. पुढं पुढं असं झालं की घरी आल्यावरही मी भाज्यांना, शेजाऱ्यांना आणि नातेवाइकांच्या लग्नातल्या जेवणांना मनातल्या मनात लाल ठिपके द्यायला लागलो. बायको म्हणते, "तुम्हाला पसंत पडलेली एकच वस्तू आहे, तुम्ही स्वतः." हे साफ खोटं. त्या मालातही मला भरपूर खोट दिसते, फक्त तो परत पाठवायची सोय नाही.

अशा माझ्याकडं मागच्या उन्हाळ्यात एक भुताचा व्हिडिओ गेम तपासायला आला. आणला माझ्या मेहुण्यानं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावानं. हा मुलगा आमच्याच कारखान्यात मेंटेनन्सला, राहायला बजाजनगरात. त्याला चिकटवला मीच, साहेबाकडं शब्द टाकून. आणि नुकताच तो कायम झाला होता. आमच्या भागात 'कायम' ह्या शब्दाला काय वजन आहे ते मुलींच्या बापांना विचारा. तर हा कायम झालेला मुलगा संध्याकाळी खोलीवर येऊन कानाला डबडी लावायचा आणि पुण्यातल्या एका चिमुकल्या कंपनीच्या गेमसाठी आवाज तयार करायचा. दारं करकरण्याचे, पावलांचे, कुणीतरी श्वास घेण्याचे. त्या कंपनीनं त्याला आता कळवलं होतं: पूर्ण वेळ इकडंच ये, सोमवारपर्यंत हो की नाही ते सांग.

फुलंब्रीला माझ्या सासऱ्यांच्या घरात ह्यावरून आठवडाभर रणकंदन झालं. सासरे शेतकरी गडी. जे जमिनीतून उगवत नाही किंवा ट्रकमधून उतरत नाही, ते त्यांच्या लेखी कामच नाही.

"कायमची नोकरी सोडून भुताचा आवाज काढाया जातो म्हणतंय," ते मला फोनवर म्हणाले. "म्या त्याला सांगितलं, तुझे दाजी कंपनीत माल तपासत्यात. त्यांना दाखव. ते बरं म्हणले तर जा. नाय म्हणले तर गप कामाला जा."

आणि पोरानं हे कबूल केलं! इतका भोळा माणूस पुण्यात कसा टिकणार, हा खरं तर वेगळा लाल ठिपका होता. माझं उत्तर फोन ठेवायच्या आधीच तयार झालं होतं. नाही म्हणजे नाही. ज्याच्यासाठी मी साहेबापुढं दात काढले, तो भुतापायी नोकरी सोडणार आणि साहेब मला चष्म्यावरून बघणार. शिवाय गेम ह्या प्रकाराबद्दल माझी मतं पक्की होती. अंगठ्यानं करायच्या कामाला मी काम मानत नाही.

रविवारी सकाळच्या बसनं सासू-सासरे आंब्याची पेटी घेऊन गारखेड्यातल्या आमच्या फ्लॅटवर आले. दुपारी आमरस झाला. तीन वाट्या रस आणि पुरणाची पोळी पोटात गेलेल्या माणसाला जगातलं कुठलंही भूत घाबरवू शकत नाही, फार तर झोपेतून उठवू शकतं. मेहुण्यानं तेवढ्यात लॅपटॉप टीव्हीला जोडला, एका मित्राकडून मागून आणलेले दोन धिप्पाड स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना उभे केले आणि अंधार हवा म्हणून खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या. मग त्यानं जाऊन कूलर बंद केला.

"हे काय?" मी म्हटलं.

"दाजी, आवाज नीट ऐकू आले पाहिजेत. सगळी मजा आवाजातच आहे."

मे महिन्यात, भर दुपारी, ह्या शहरात कूलर बंद करणारा माणूस माझा नातेवाईक होता. गेममध्ये ह्यापेक्षा भीषण काही असेल असं मला वाटेना.

"हा पूर्ण गेम नाही बरं का," तो म्हणाला. "बाजारात यायच्या आधी दाखवायला केलेला तुकडा आहे. प्रिव्ह्यू डेमो."

"म्हणजे सॅम्पल."

"व्हय, सॅम्पलच. आणि एक नियम आहे. मी इथं कोपऱ्यात बसणार, पण तुम्हाला काही सांगणार नाही. खेळणारा कुठं अडतो, कुठं घाबरतो ते नुसतं बघायचं असतं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात तुमचा चेहरा रेकॉर्ड होईल. पुण्याला पाठवायचाय."

"पाठव की," मी म्हटलं. "माणूस जांभई कशी देतो ते त्यांना कळेल."

आम्ही बसलो. मी खुर्चीवर, माझ्या शेजारी दिवाणावर सासरे, त्यांच्या पायाशी सासूबाई गुडघे पोटाशी घेऊन. बायको म्हणाली, मला असले थेर बघायचे नाहीत, आणि आतल्या खोलीत जाऊन झोपली. आमच्या घरात अक्कल कोणाला आहे ते इथंच ठरलं होतं.

गेम सुरू झाला. डोंगरावरचा एक बंद पडलेला दवाखाना. तुम्ही आत अडकलेले, बाहेर पडायचंय. आत एक प्राणी आहे. त्याला डोळे नाहीत, पण कान तिखट. एवढं पडद्यावर आलं. मी लगेच तपासणीला सुरुवात केली. भिंतीचे पोपडे: ठीक. उलटी पडलेली व्हीलचेअर: नापास. हिला आडवी पाडल्याशिवाय ह्या लोकांना भीती वाटतच नाही काय? आपल्याकडं सरकारी दवाखान्यात उभी व्हीलचेअर बघितली तरी माणूस घाबरतो.

पण मतं ठेवणं सोपं असतं, चालणं अवघड. मेहुण्यानं खेळायला हातात दिलेल्या यंत्रावर दोन दांडके होते, एकानं चालायचं, दुसऱ्यानं बघायचं. मला ही दोन कामं एकदम जमेनात. मी चाललो की छत दिसायचं आणि समोर बघितलं की पाय थांबायचे.

"जावई, वर पंखा शोधताय का?" सासऱ्यांनी विचारलं.

"बघू द्या हो," सासूबाई म्हणाल्या. "नवीन जागा हाय त्यांना."

एका भिंतीला मी बराच वेळ नाक लावून चाललो. कोपऱ्यात मेहुणा नियम पाळत मुकाट बसला होता. शेवटी दार सापडलं आणि एक लांब बोळ आला. मध्यावर भिंतीला बेसिन, आणि त्याचा नळ धो धो वाहतोय.

मी गेलो आणि नळ बंद केला.

हे मी विचार करून केलं नाही. हात आपोआप गेला. बोळात एकदम शांतता पसरली, आणि त्या शांततेत माझ्या मागं कुणीतरी ओला श्वास घेतला. मी दांडके उलटसुलट हलवेपर्यंत पडदा लाल झाला. मी मेलो होतो.

"हा फॉल्ट आहे," मी जाहीर केलं. "मी कुणाचं काय केलं? चालता चालता माणूस मरतोच कसा?"

मेहुण्यानं खालचा ओठ दातात धरला.

गेमनं मला परत बोळाच्या तोंडाशी आणून उभं केलं. आता दवाखान्याच्या आतून कुठूनतरी पावलं ऐकू येत होती. मी सावध होतो. ह्या वेळी डावीकडं-उजवीकडं बघत, अगदी हळू चाललो. बेसिन आलं.

"अगं बाई!" सासूबाई कळवळल्या. "केवढं पाणी चाललंय वाया! जावईबापू, बंद करा आधी!"

"कुणी सोडला असंल?" सासरे म्हणाले. "लोकांना कायी वाटत नाय."

मी बंद केला. मेलो.

इथं बाहेरगावच्या वाचकासाठी सांगायला हवं. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. ते येतं तेव्हा येतं, आठवडा आठवडा वाट बघायला लावून. येतं त्या दिवशी पाहुणे, परीक्षा, आजारपण सगळं बाजूला पडतं आणि घरातलं प्रत्येक भांडं भरलं जातं, अगदी इडलीपात्रसुद्धा. आमच्याकडं लेकरू चालायला शिकायच्या आधी नळ बंद करायला शिकतं. ज्या कुणा महाभागानं हा बोळ आखला, त्याच्या सोसायटीत चोवीस तास पाणी असणार. नळ वाहत असला की त्या प्राण्याला आपली पावलं ऐकू येत नाहीत, म्हणून तो वाहू द्यायचा असतो, हा त्याचा हिशोब. पुण्यात ज्यांनी ज्यांनी हा डेमो खेळला त्यांच्यापैकी एकानंही त्या नळाला हात लावला नव्हता, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की माझ्याकडून नळ नीट बंद होत नसावा. म्हणून पुढच्या खेपेला मी तो आणखी घट्ट बंद केला.

त्याच्या पुढची खेप मात्र मला आजही आठवते, कारण तिचं रेकॉर्डिंग बघून पुण्यातल्या किमान चार अनोळखी पोरांनी ती मला हसत हसत सांगितलीय. त्या वेळी प्राणी आधीच बोळात आला होता. माझ्या मागं लागला होता. समोर दार उघडं होतं. आणि मी दाराकडं न पळता नळाकडं पळालो.

मेहुण्यानं डोकं गुडघ्यात घातलं. मग उठला आणि कंपनीचा नियम मोडून माझ्यापुढं हात जोडून उभा राहिला.

"दाजी, पाया पडतो तुमच्या. नळाला हात लावू नका! तो वाहतोय तोवर त्याला तुम्ही ऐकू येत नाही!"

"मग आधी सांगायचं."

"सांगायचं नसतं!"

"मग आता कशाला सांगितलंस?"

तो डोळे पुसत कोपऱ्यात गेला. मला वाटलं हसतोय. पण तो हसत नव्हता. सोमवार उद्यावर आला होता आणि त्याचं आयुष्य ज्याच्या हातात होतं तो माणूस पुन्हा पुन्हा एक नळ बंद करत होता.

मी पुन्हा निघालो. पोरानं जाता जाता स्पीकरचा आवाज वाढवून ठेवला होता. नळ धो धो वाहत होता आणि मी त्याच्यासमोरून, मन घट्ट करून, हात न लावता गेलो. तुम्हाला सांगतो, प्राण्याची भीती मला एवढी वाटली नाही जेवढी लाज त्या पाण्याची वाटली. सासूबाईंनी पदर डोळ्यांवर घेतला. भुतामुळं नाही. त्यांना ते पाणी बघवत नव्हतं.

नळ मागं पडला. पाण्याचा आवाज अख्ख्या घरात घुमत होता. मी दाराशी पोचलो, दाराच्या फटीतून पलीकडं डोकावलो. पलीकडं काळोख. आणि त्याच क्षणी आतल्या खोलीतून आरोळी आली:

"पाणी आलं! अहो, पाणी आलं!"

बायको झोपेतून उठून मोकळ्या केसांनी स्वयंपाकघराकडं धावत सुटली. जाता जाता तिनं मोटरीचं बटण दाबलं. घागरी वाजल्या. वरच्या मजल्यावर धपाधप पावलं पडली आणि जिन्यातून वरच्या भाभींचा आवाज आला, "अगे भाभी, पानी आया क्या? बोलना नहीं क्या तुमे!" त्यांच्या मागून आणखी कुणाची बादली जिन्यावरून गडगडत आली. मी तिकडं मान वळवली. परत पडद्याकडं वळलो तर दाराच्या फटीत तो प्राणी उभा होता, तोंडाला तोंड लावून. आणि आमच्या घराचं खरंखुरं दार कुणीतरी बाहेरून दोन्ही हातांनी बडवलं.

मी ओरडलो. कसा ओरडलो ते मी लिहिणार नाही, पुण्याला त्याची प्रत आहे. "आई गं, मेलो" एवढे शब्द त्यातून वेगळे काढता येतात असं ऐकतो. हातातलं यंत्र आंब्याच्या पेटीत जाऊन पडलं. मी खुर्चीवरून खाली आलो आणि जे पहिलं हाताशी लागलं त्याला गच्च मिठी मारली. ते सासऱ्यांचे पाय होते. लग्नात ज्यांनी भर मांडवात माझे पाय धुतले, त्यांच्या पायांना मी बिलगून बसलो होतो आणि ते माझ्या टकलावर हात ठेवून म्हणत होते, "काय नाय, काय नाय जावई. टीव्ही हाय."

दार उघडलं तर बाहेर तीन मजल्यांच्या बायका, पाइप आणि बादल्या घेऊन. बायको स्वयंपाकघरातून आली, हातात रिकामी घागर. कोरडी मोटर घरघरत होती, ती तिनं बंद केली.

"नळाला थेंब नाही," ती म्हणाली. "मग वाजत काय होतं?"

मेहुण्यानं टीव्हीकडं बोट दाखवलं. भाभींनी आत डोकावून बघितलं. पडद्यावर बोळ, बोळात बेसिन, बेसिनात पाणी. मग त्यांनी जमिनीवर बसलेल्या माझ्याकडं बघितलं.

"टीवी में पानी?" त्या म्हणाल्या. "भाईसाब, इत्तवार के दिन लोगां को ऐसा सताते क्या?"

त्या सगळ्या बडबडत परत गेल्या. बायको मात्र हलली नाही. कान टवकारून तशीच उभी. "थांब," ती भावाला म्हणाली. "परत लाव तो आवाज." त्यानं लावला. ती ऐकत राहिली. "हा आपला नळ आहे! मोरीतला! शेवटाला खर्र करतो बघ, वायसर गेल्यापासून."

"तुमचाच आहे ताई," तो खाली बघत म्हणाला. "हिवाळ्यात पाण्याच्या दिवशी आलो होतो ना, तेव्हा रेकॉर्ड केला. त्यात दाजी तुझ्यावर ओरडत होते बादली सरकव म्हणून. तेवढे कापायला लई त्रास झाला."

म्हणजे मी माझ्याच घराच्या नळापायी मेलो होतो, आणि तेही फुकट.

चहा झाला. कूलर अजून बंदच होता, कारण त्याची आठवण करून देण्याइतकं तोंड माझ्याकडं उरलं नव्हतं. सासऱ्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "मग, जावई? काय म्हणता?"

मेहुणा वायरी गुंडाळत होता. त्याचे हात थांबले.

आता माझ्या जागी एखादा शहाणा माणूस असता तर दोन शब्द गोड बोलून मोकळा झाला असता. मी घसा साफ केला आणि अहवाल दिला. बोळ फाजील लांब आहे. प्राण्याचा डावा पाय फरशीत बुडतो. व्हीलचेअर तर उचलूनच आणलेली आहे. आणि दचकवणं ह्याला काय अक्कल लागते? दारामागं लपून भॉ करणारं शेंबडं पोरही दचकवतं. त्यासाठी कायमची नोकरी सोडणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. "नापास," मी म्हटलं.

पोराचा चेहरा उतरला. तो परत वायरी गुंडाळायला लागला, आणि त्याचं ते मुकाट्यानं गुंडाळणं मला त्याच्या कुठल्याही आवाजापेक्षा जास्त ऐकू आलं. पण मी जागचा हललो नाही. एकदा दिलेला ठिपका मी पुसत नाही.

सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"जावई, राग मानू नका," ते म्हणाले. "तोंडानं तुम्ही नाय म्हणताय. पर मघा माझ्या पायाला कोण बिलगलं व्हतं?"

"ते वेगळं—"

"बेकार मालाला माणूस आसं बिलगत नसतो." मग ते लेकीकडं वळले. "आन् ही? हिला लग्न होऊन किती वर्सं झाली, रोज त्याच मोरीत भांडी घासती, आन् ही फसली. वरची बाई फसली. मला तर कायी कळत नाय त्यातलं. पर हे बेनं ज्याचा आवाज काढतंय ते खरं वाटतंय बुवा."

"म्या तर अजून त्या पाण्याला भ्याले," सासूबाई म्हणाल्या. आणि मग त्यांना एकदम कळलं की नवऱ्यानं काय ठरवलंय, आणि त्या रडायला लागल्या. "पुण्यात ह्याला जेवाया कोण घालंल? लगीन कसं जमंल आता?"

"जमंल," सासरे म्हणाले. "नाय जमलं तर भुताशी लावू." मग पोराला, जरा दरडावून: "जा. पर कापणीला यायचं. आन् तिथं नाय जमलं तर तोंड लपवून बसायचं नाय, सरळ घरला यायचं."

पोरगं उठलं, बापाच्या पाया पडलं, आईच्या पडलं. मग माझ्याकडं वळलं. मी पाय खुर्चीखाली घेतले, पण त्यानं खाली वाकून ते शोधून काढले.

"दाजी, राजीनामा तुम्हीच लिहून द्या. तुमचं इंग्रजी चांगलंय."

म्हणजे बघा. नापास मी केला, आणि रवानगीचा कागदही मीच बनवायचा. लॅपटॉपवर मी लिहायला बसलो. कारणाच्या जागी 'वैयक्तिक' असं घातलं.

"खरं लिहा ना," तो म्हणाला. "मला लाज नाही वाटत."

"मला वाटते. साहेबाला कागद मी नेऊन देणार आहे."

"लिहा की वो जावई," दिवाणावरून सासरे म्हणाले. "चोरी थोडीच करतंय."

मी लिहिलं. व्हिडिओ गेमसाठी ध्वनी तयार करण्याच्या नोकरीकरिता. शेवटी 'भयकथा प्रकारातील' हेही त्यानं मला घालायला लावलं.

सोमवारी साहेबानं तो कागद दोनदा वाचला. मग अपेक्षेप्रमाणं चष्मा खाली ओढून माझ्याकडं बघितलं.

"कायम झालेला पोरगा भुताचे आवाज काढायला चाललाय? आणि तुम्ही घरातले असून अडवला नाही? तुम्ही तरी बघितलाय का तो गेम?"

"खेळलोय साहेब."

"कसा आहे?"

"अगदी भिकार," मी म्हटलं. साहेबानं सही करायला पेन उचललं तेव्हा मला राहवलं नाही. "पण तुम्ही खेळायचं म्हटलंत तर एकटे नका बसू."